तीनाच्या पाढ्यात न येणारा लाख

चिचटोल्याच्या भागीरथेला कुणी काही मोजायला सांगत नाही. लग्नाच्या पंगतीला पत्रावळी लावायच्या असोत, रोवणीत धानाच्या रोपांच्या जुड्या बांधावर टाकायच्या असोत, नाहीतर शेजारणीला उसने तांदूळ द्यायचे असोत, भागीरथा ओंजळ भरते आणि देते. कमी झालं की जास्त, ते तुमचं तुम्ही बघा. एकदा परगावचा एक नवा जावई पंगतीला बसला होता. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! हसत हसत म्हणाला, "मावशी, विसापर्यंत तरी मोजता येते का नाई?" सारी पंगत अशी चिडीचूप झाली की जावयाच्या घशाखाली घास उतरेना. भागीरथेनं त्याच्या पानात आणखी भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेली.

अडाणी आहे म्हणून मोजत नाही, असं समजाल तर फसाल. या बाईनं तीन लाखांपर्यंत मोजलंय. तेही बोटांवर आणि चिंचोक्यांवर, आणि त्यात एकाचीही चूक नाही. उभ्या जिल्ह्यात असं मोजणारं दुसरं माणूस दाखवा, मी म्हणतो!

चिचटोला वैनगंगेच्या काठाला आहे. पलीकडच्या तीरावर मार्कंडा. सकाळी धुकं उठलं की पाण्यावरून देवळाचं शिखर दिसतं आणि बाया घागर बुडवता बुडवता तिकडे हात जोडतात. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. डांबरी सडक कुणी पाहिली नव्हती, आणि हिवतापाला मात्र प्रत्येक घराचा रस्ता पाठ होता. ज्या घरी पानथरीनं पोट फुगलेलं लेकरू नाही, ते घर दाखवा आणि बक्षीस घ्या, अशी गत.

भागीरथेचा नवरा वारलू. दोन बैल, थोडी धानाची जमीन, आणि तोंडात शब्द मोजके. बैलांशी बोलेल तेवढंही माणसांशी बोलायचा नाही. पण बायकोवर जीव. पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली तेव्हा सगळे भागीरथेकडे बोट दाखवत होते आणि हा गडी एकटाच तिच्या बाजूनं उभा राहिला होता. मग झाला इसरू. देवानं दिला म्हणून ईश्वर, आणि ईश्वराचा इसरू. कान सुपासारखे, सगळं काम डाव्या हातानं, आणि प्रश्न असे की ऐकणाऱ्याचं डोकं उठावं. "माय, मासोळीले तहान लागते का वं?" "माय, बकरी हासते तवा कोनाले हासते?" भागीरथा कामात असली तरी उत्तर द्यायची. चुकीचं का होईना, पण द्यायची.

इसरू चार वर्षांचा असताना आश्विनात त्याला असा ताप भरला की अंगावर हात ठेववेना. धान पोटरीला आलेलं, वारलू बांधावर. शाळेचे बापूजी मास्तर हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या देऊन गेले होते, त्या कुटून पाण्यात कालवून दोन दिवस दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी भरदुपारी पोरानं डोळे पांढरे केले. दातखीळ बसली. उशाशी रंभाबुढी होती. ही वारलूची चुलती, मोठी माय. तोंडात दात एक नाही, पण बोलणं ऐकलं तर वाटावं बत्तीस शाबूत आहेत.

"बोल वं पोरी, देवाले काई तरी बोल!" रंभाबुढी ओरडली. "पाह्यत काऊन बसली? बोल!"

भागीरथेनं नदीकडे तोंड केलं. हात जोडले. "मार्कंडदेवा, माह्या इसरूले राख. तुले लाख..."

आणि तिथं तिची जीभ क्षणभर अडली.

लाख बेल वाहणं काय असतं ते तिनं पाहिलं होतं. मालगुजाराच्या बायकोनं वाहिले तेव्हा सात बाया नुसती पानं खुडायला होत्या. भागीरथेला दोन हात. घरात शेण, चूल, बैल, धान, आणि आता हे आजारी पोर. लाख पानं ती कुठून आणि कधी आणणार? पण बेलाच्या एका पानाला तीन दळं असतात ना! दळं मोजली तर? संसारी बाई मरणाच्या दारातसुद्धा हातचा राखते, त्याला काय करणार.

"...लाख दळं वाहीन, महादेवा! लाख दळं!"

दिवस कलता कलता इसरूनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. कोयनेलनं केलं की मार्कंडदेवानं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. भागीरथेनं ठरवलं होतं.

धान कापून झालं, कार्तिक लागला, आणि तिनं सुरुवात केली. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत पुरे करायचे. रोज पहाटे आंघोळ, मग नदीकाठच्या बेलांकडे टोपली घेऊन. बेलाला काटे. आठ दिवसांत बोटांची चाळण झाली. भोक पडलेलं पान चालत नाही, किडीनं खाल्लेलं चालत नाही, एखादं दळ गळालेलं तर मुळीच चालत नाही. महादेवाला खंडित बेल वाहू नये, हे तिकडचं पोरही सांगेल. चांगली पानं धुऊन गावच्या पिंपळाखालच्या पिंडीपाशी बसायची आणि एकेक पान वाहत मोजायची. तीन, सहा, नऊ, बारा. दहा पानांचे तीस. शंभर पानांचे तीनशे झाले की एक चिंचोका मडक्यात. मोजताना मधेच उठली तर त्या दिवसाची मोजणी पहिल्यापासून, हे शेजारी बसलेल्या इसरूलाही ठाऊक. चिंचोका टाकताना तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा, जणू मडक्यात इसरूच्या आयुष्याचं एकेक वर्ष टाकते आहे.

शिवरात्रीला तिघं डोंग्यात बसून पलीकडे गेली. जत्रा ही एवढी मोठी! इसरू वारलूच्या खांद्यावर, हातात शेवेचा पुडा, शेव अर्धी तोंडात आणि अर्धी बापाच्या केसांत. भागीरथा रेटारेटीतून पिंडीपर्यंत पोचली. पदरात शेवटची पानं. मोजणं चालू. नव्याण्णव हजार नऊशे नव्वद. त्र्याण्णव. शहाण्णव. आणि नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव.

राहिलं एक. एक दळ.

हातात पान आहे, पण त्याला दळं तीन. एक वाहायचं तर दोन तोडावी लागतात, आणि तोडलेलं पान म्हणजे खंडित. मागून बाया ढकलताहेत, पुजारी म्हणतोय, "चाला बाई, चाला, लवकर करा!" भागीरथेच्या अंगाला दरदरून घाम सुटला. एवढी पानं मोजली तेव्हा हे डोक्यात कसं आलं नाही! शेवटी डोळे मिटून तिनं ते पान होतं तसं वाहिलं आणि बाहेर आली. दोन दळं जास्तीची गेली.

तुम्ही आम्ही म्हणू, गेली तर गेली. देव भावाचा भुकेला, दोन दळांनी काय त्याचं पोट दुखणार आहे? पण घरी रंभाबुढी होती ना! हकीकत ऐकून तिनं कपाळाला हात लावला.

"लाखोली म्हंजे लाख वं बाई. एक कमी चालत नाई अन् एक जास्ती चालत नाई. जास्ती गेलं म्हंजे दुसऱ्या लाखात पाय पडला. आता पाय पडला तं तो लाख पुरा करा लागते."

हे कोणत्या पोथीत लिहिलंय, असं विचारायची सोय नव्हती. चिचटोल्यात रंभाबुढीचं तोंड हीच पोथी.

भागीरथा आठ दिवस बोटांवर तीन-तीन मोजून बघत होती. मग एका दुपारी ती पदर सावरून शाळेच्या दारात उभी राहिली. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची पडवी, आणि मास्तर म्हणजे बापूजी मास्तर. चांगला माणूस, पोरांवर माया करणारा. पण हिशेबाचा भारी नाद. कुणी वाट विचारली तरी आधी किती कोस ते सांगून त्या कोसांचे हात किती होतात ते काढून दाखवणारा.

"मास्तर, तीनाच्या पाढ्यात लाख येते का जी?"

मास्तरांचे डोळे चमकले. असा प्रश्न त्यांना इन्स्पेक्टरनं कधी विचारला नव्हता. काऊन विचारतेस, कशासाठी विचारतेस, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. खडू घेऊन फळ्याकडे वळले आणि पोरांनाही म्हणाले, "पाहा बे सारे!"

"दहामधून तीन-तीन काढत जा. नऊ गेले, एक उरला. शंभरातून काढा. नव्याण्णव गेले, एक उरला. हजारातून नऊशे नव्याण्णव गेले..."

"एक उरला!" पोरं ओरडली.

"दहा हजार?"

"एक उरला!"

"लाख?"

"एक उरला!"

"हां! एकावर शून्यं कितीबी लावा. दहा लाख करा, कोटी करा, अब्ज, खर्व, निखर्व, पार परार्धापर्यंत जा. तीनानं भागलं का एक उरतोच. काऊन? तं त्या आकड्यातले अंक मिळवून पाहा. एक अन् बाकीचे शून्य. बेरीज एक. जे बेरजेत उरते, तेच आकड्यात उरते. लाख मोठा दिसते बाई, पण तो तीनाच्या घरचा नाई. कधीच नव्हता."

आता बघा, लाख म्हणजे आपल्याकडे पुरेपणाची हद्द. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतो, लाखमोलाचं माणूस म्हणतो. असा भरलेला, गच्च आकडा, आणि साध्या तीन दळांच्या पानात मावत नाही! भागीरथा फळ्याकडे बघत राहिली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ते ओळीनं उभे असलेले शून्य दिसत होते.

"मंग दोन लाख?" तिनं हळूच विचारलं.

"दोन उरतीन."

"अन् तीन?"

मास्तर हसले. फळ्यावर तीन मांडला, पुढं पाच शून्यं दिली, आणि तीनानं भागून दाखवलं. "तीन लाख सुटते, बाई. साफ सुटते. एकबी उरत नाई."

भागीरथेच्या जिवात जीव आला. उन्हातून घरी येताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. देवाचं कोडं तिला सुटलं होतं. तीन लाख! तीन वर्षं! तिसऱ्या शिवरात्रीला आकडा साफ सुटेल आणि इसरूवरचा घोर त्याच्यासंगं सुटेल. मास्तरांनी आकड्याचं सांगितलं होतं. पोराचं कुठं सांगितलं होतं? पण आईचं काळीज, ते जिथं ओलावा दिसेल तिथं मूळ धरतं.

दुसऱ्या वर्षी तसंच झालं. पावसाळ्यात इसरूला ताप येऊन गेला, पण तो उठला. कार्तिकात भागीरथेनं पुन्हा टोपली उचलली. शिवरात्रीला मार्कंड्याला उभी राहिली तेव्हा दोन दळं उणी होती आणि हातात तीनांचं पान होतं, अगदी मास्तर म्हणाले तसं. यंदा तिला घाम फुटला नाही. उलट हसूच आलं. पान वाहिलं, एक दळ तिसऱ्या लाखात गेलं, आणि ती शांतपणे बाहेर आली.

परतताना डोंग्यात वारलू बराच वेळ बोटांवर मोजत बसला होता. मग म्हणाला, "भागी, तीन लाख दळं म्हंजे किती पानं वं?"

"किती?"

"एक लाख. सरळ लाख बेलच झाले का नाई मंग?"

भागीरथेनं त्याच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. खरंच की! जे कष्ट वाचवायला दळांची युक्ती केली, ते देवानं एकूण एक वसूल करून घेतले होते. "देव का आपल्यासारखा हाय का जी," ती म्हणाली. "त्यानं आपलं बरोबर मोजून घेतलं." आणि दोघंही हसली. चिचटोल्याच्या लोकांनी त्या दोघांना एकत्र मोठ्यानं हसताना पाहिलं ते शेवटचं. डोंगावाला अजून सांगतो.

तिसरं वर्ष. इसरू सहा वर्षांचा झाला, मारुतीच्या पडवीत जाऊ लागला. डाव्या हातानं पाटीवर उलटे आकडे काढायचा आणि मास्तर काही म्हणायचे नाहीत. दिवाळीनंतर त्याला तिजारा ताप सुरू झाला. एक दिवस बरा, एक दिवस हुडहुडी. गोळ्या दिल्या की राहायचा, पुन्हा यायचा. पौषात पोट टम्म झालं आणि पाय काड्यांसारखे. माघात फवारणीवाले आले, घराघरातून पांढरं औषध मारून गेले. त्यांच्यातल्या एकानं इसरूचे डोळे ओढून पाहिले आणि वारलूला बाजूला घेतलं. "भाऊ, रक्त राहिलं नाही अंगात. चांद्याला मोठ्या दवाखान्यात न्या. उशीर करू नका."

वारलूनं त्याच दिवशी बंडी जुंपली. मूल गावापर्यंत बंडीनं, तिथून छोट्या रेल्वेनं चांदा.

"चाल," तो बायकोला म्हणाला.

भागीरथा उंबऱ्यात उभी होती. शिवरात्र चार दिवसांवर आली होती. मडकं गळ्यापर्यंत भरलेलं.

"मी कशी येऊ जी? नेम मोडन."

"मोडू दे."

"मोडू दे कसं म्हनता? तीन वर्साचं सारं वाया जाईन. चार दिवस राह्यले फक्त. तुमी न्या त्याले, दवाखाना करा, मी इकडून पुरे करतो. दोनी बाजूनं लागलो म्हंजे पोरगं उठनच. मास्तरानं लिहून दाखवलं ना, औंदा साफ सुटते म्हनून!"

आणि आता ऐका. रंभाबुढी, जिनं हे सारं लचांड गळ्यात बांधलं तीच रंभाबुढी, काठी टेकत आली आणि तिनं भागीरथेचा दंड धरला. "सोड वं पोरी, सोड ते! देव का पोलीसपाटील हाय का, नेम मोडला म्हनून पकडून नेईन? मी म्हनली म्हनून का ते गोट्यावरची रेघ झाली? माह्या सासूनं सांगतलं, मी तुले सांगतलं. कोनाले ठाव खरं का खोटं! जा लेकराच्या संगं. मी वाहतो तुह्या वाटचे."

"तुमी नोको, मोठीमाय. माह्या तोंडून निघाला नवस. माह्याच हातानं फिटा लागते."

बुढीचं ऐकलं असतं तर! पण बुढीनं तोंडी सांगितलेलं बुढी परत घेऊ शकत होती. फळ्यावरचा आकडा कोण परत घेणार? तो भागीरथेनं आपल्या डोळ्यांनी सुटताना पाहिला होता. देवावर, बुढीवर, कोयनेलवर कुणाचाही भरवसा डळमळेल, पण तीनानं तीन लाख भागले जातात यावर कसा डळमळणार?

"चाल वं भागी," वारलू बंडीवरून पुन्हा म्हणाला. असं दोनदा म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

तिनं मान हलवली. इसरूला गोधडीत गुंडाळून बंडीत ठेवला, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "मी आलीच रे बाबू. शिवरात्र झाली का आलीच." इसरूचे सुपासारखे कान गोधडीबाहेर राहिले होते, ते तिनं आत झाकले. बंडी आंबराईच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा ती टोपली घेऊन नदीकडे वळली.

चार दिवस तिनं वाहिले. जेवली की नाही कुणी पाहिलं नाही. शिवरात्रीला एकटीच डोंग्यात बसली. पिंडीपुढं शेवटची ओंजळ. दोन लाख नव्याण्णव हजार नऊशे चौऱ्याण्णव. सत्त्याण्णव. हातात एक पान, हिरवंगार, तीन दळांचं, कुठं टाचणीएवढं भोक नाही. ते वाहिलं. तीन लाख. ओंजळ रिकामी. उणं नाही, जास्ती नाही.

तिला रडू कोसळलं. पुजारी म्हणाला, "काय झालं बाई?" ती म्हणाली, "सुटलं जी, सुटलं!" आणि भर गर्दीत तिनं जमिनीवर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी ती चांद्याला निघायचं गाठोडं बांधत होती. इसरूसाठी तिळाचे लाडू, वारलूसाठी भाकरी. दुपारी बंडीच्या चाकांचा आवाज आला. भागीरथा धावतच अंगणात आली. बैलांच्या मानेवरचं जू उतरायच्या आधीच तिनं सांगून टाकलं.

"बरोबर उतरले जी! साफ! एकबी उरला नाई!"

वारलू बंडीवरून उतरला. मागं गोधडी होती, घडी घातलेली. आत कुणी नव्हतं. त्यानं बैल सोडले, खुंट्याला बांधले, त्यांच्यापुढं तणस टाकली, आणि मग अंगणात तसाच उभा राहिला. बोलला रंभाबुढीशी. भागीरथेकडे त्याला बघवेना.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशीच इसरू गेला होता. वारलूनं त्याला चांद्याच्या इरई नदीच्या काठाला पुरलं होतं. म्हणजे शेवटच्या दिवशी भागीरथेनं जी पानं वाहिली ती कुणासाठी, हे देवालाच माहीत.

बापूजी मास्तर भेटायला आले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "बाई, मी तुले तवाच विचाराले पायजे होतं."

"मास्तर," ती म्हणाली, "हिशेब तं बरोबर होता ना?"

"होता."

"तीन लाख सुटते ना तीनानं?"

"सुटते, बाई."

"मंग?"

मास्तर पंच्यानं डोळे पुसत उठून गेले, आणि पुढं पोरांना तीनाची कसोटी शिकवताना त्यांचा आवाज तेवढाच खाली यायचा, असं पोरं सांगत.

तेव्हापासून भागीरथेनं मोजणं सोडलं. संसार चालू राहिला. धान रोवलं, कापलं, बैल म्हातारे झाले. रंभाबुढी शेवटपर्यंत भागीरथेच्या हातचंच जेवली. दुसरं लेकरू झालं नाही. जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याचंही चिचटोल्यात कुणाला फारसं सोयरसुतक नव्हतं. भागीरथा मात्र वारलूला अधूनमधून एकच विचारायची. "त्यानं माही याद केली का जी?" आणि वारलू दरवेळी एकच सांगायचा. "झोपेतच गेला. काई बोलला नाई."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं फार दिवस टिकत नाही. एका चैत्रात, दुपारच्या वेळी, वारलू पडवीत बैलांसाठी दोर वळत बसला होता. भागीरथा समोर मोहफुलं पसरत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "खरं सांगा ना जी. मले बलाव म्हनलाच नाई का तो?"

वारलूचे हात थांबले.

"मीच म्हनलो त्याले," तो म्हणाला. "म्हनलो, मानूस धाडतो बाबू, मायले बलावून घेतो. डोये उघडून मले म्हने, 'नोको बाबा. माय मंधातच उठली तं तिले पयल्यापासून मोजा लागन.'"

भागीरथेच्या हातातली मोहफुलं खाली पडली. एवढ्या वर्षांत जी बाई चारचौघांत रडली नव्हती, तिनं असा हंबरडा फोडला की शेजारच्या बाया कामं टाकून धावत आल्या. "मी उठली असती रे लेकरा!" ती छाती पिटत ओरडत होती. "सारं टाकून उठली असती! तू बलावतास तं मी उठली असती!"

वारलूनं मान हलवली. "हो," तो म्हणाला, "उठली असती." बंडी दारात उभी असताना आपण तिला किती विनवलं होतं, ते त्यानं तोंडातून काढलं नाही. खाली वाकून तो पुन्हा दोर वळू लागला.